नववा विडा

पानं धुऊन-पुसून ताटात मांडून झाली, चुना कालवून झाला, तरी नाना काही बोलत नव्हते. आणि सुभेदाराच्या घरात नाना गप्प बसले की कुकरसुद्धा शिट्टी द्यायला बिचकतो, असं त्यांची थोरली सून रेश्मा म्हणायची.

रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजत आले होते. अंगणात पत्र्याच्या शेडखाली सतरंज्यांवर आठ पोरं आणि त्यांच्या आया येऊन बसल्या होत्या. खडकेवाडीतून शिपाईगिरीला परमुलखात निघालेला पोरगा सुभेदाराच्या घरचा विडा खाल्ल्याशिवाय शीव ओलांडत नाही, ही चाल शंभर वर्षांची. विडा तोंडात गेला की पोरगा गेला. मग आईनं रडायचं नाही आणि पोरानं मागं बघायचं नाही. कागदावर सही पोराची असते, पण आयांचा भरवसा त्या पानावर. म्हणून तर थोरला मानसिंग सांगलीहून येताना आठ पासपोर्ट आणि आठ विमानाची तिकिटं घेऊन आला होता, आणि तरीही बापाच्या हातच्या आठ पानांवाचून त्याचं अडलं होतं.

चाळीस दिवसांपूर्वी असाच एक विडा अजहरनं खाल्ला होता. तो आणि मेढ्याकडचे दोघं, ही मानसिंगची पहिली तुकडी.

अजहरचा आजा लियाकत म्हणजे नाना पलटणीत सुभेदार असताना त्यांची जीप चालवलेला माणूस. तो आज सकाळी सातलाच सुनेला घेऊन मागच्या दारानं आला होता. "नाना, जरिना काय म्हनती ते जरा ऐका," एवढं बोलून तो भिंतीला टेकला.

जरिनानं मोबाईल पुढं केला. "नऊ दिस झालं नाना, पोराचा फोन लागत न्हाई. शेवटचा आला तवा म्हनला, अम्मी, लय थंडी हाय, आमाला कपडी दिल्यात. आन् ह्यो फोटू धाडला."

नानांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण फोटो बघताना त्यांची पाठ ताठ झाली.

"ही लोखंडी टोपी कुनी दिली?"

"कंपनीनं, म्हनं. मानसिंगदादा म्हनले, बंदरावर समद्यास्नी टोप्या देत्यात. वरनं क्रेन फिरत असत्यात."

"देत्यात की," नाना म्हणाले. "पिवळ्या देत्यात."

अजहरच्या डोक्यावरची चिखलाच्या रंगाची होती. जरिना नानांच्या तोंडाकडं बघत राहिली. नानांनी फोन तिला परत दिला आणि "बस बाहेर, मी आलोच," म्हणाले. तेव्हापासून ते पानं पुसत बसले होते.

*

शिवांजली स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. ही धाकट्या जयराजची मुलगी. सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवते, आणि काल संध्याकाळच्या एस्टीनं आली होती, ती या पोरांवरनं काकाशी भांडायचं ठरवूनच. पण भांडण लागायचं तर दुसऱ्या बाजूनं कुणीतरी बोलावं लागतं. मानसिंगकाका रात्री उशिरा आला, जेवला, झोपला. सकाळी उठल्यापासून गाडीशी फोनवर.

"शिवे, हिकडं ये," नानांनी हाक मारली. "तू पोरास्नी शिकवतीस न्हवं, पयलं महायुद्ध? कशानं लागलं ते?"

"आत्ता, नाना? बाहेर माणसं बसलीत."

"बसू दे की. कवाची बसल्यात. सांग."

शिवांजली त्यांच्यासमोर खाली बसली आणि सुपारी कातरायला घेतली. हा प्रश्न तिला दरवर्षी पडतो, म्हणजे ती पोरांना घालते. कारणे सांगा, गुण दहा. आणि दरवर्षी साठ पोरं तेच लिहितात. "पुस्तकात राजपुत्राला गोळी घातली, तिथनं सुरुवात असते."

"आमचा मास्तरबी त्येच सांगायचा. मला चौथीतबी पटलं न्हवतं. कुठला कोन राजपुत्र, त्याच्यापायी खडकेवाडीची सत्तावीस मानसं कशापायी गेली?"

"ती नुसती काडी होती, नाना. गंजी आधीच रचून ठेवलेली." तिनं अडकित्ता थांबवला. "इंग्रजाकडं समुद्र होता, अर्धी दुनिया होती, माल खपवायला आपल्यासारखे मुलूख होते. जर्मनीचे कारखाने मागनं निघाले, पण जोरात निघाले. माल उदंड, आणि बाजार बघावा तर आधीच सगळ्यांनी वाटून घेतलेले. मग त्यानं आरमार बांधायला काढलं. इंग्रजानं त्याच्यावर ताण केली. त्यानं बगदादपर्यंत रेल्वे न्यायचं ठरवलं, तर इंग्रजाच्या पोटात गोळा आला. कारण त्याची लढाऊ जहाजं तोवर कोळशावरनं तेलावर यायला लागली होती, आणि तेल निघालं होतं इराणात, बसऱ्याच्या तोंडाशी."

"म्हून आमची मानसं बसऱ्याला."

"म्हणून बसऱ्याला."

नानांनी एका पानाला चुना लावला. "आन् बाकीचं कशाला मदी पडलं?"

"प्रत्येकानं कुणाशी तरी तह करून ठेवलेला. तुझ्यावर आलं की मी धावून येईन. मग एक उठला की सगळ्यांना उठणं भाग. त्यात एकमेकांची भीती. जो आधी सैन्य रेल्वेत चढवेल तो जिंकेल, हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलेलं, मग थांबतंय कोण? राजांनी एकमेकांना तारा केल्या शेवटी, थांब म्हणून. आणि नाना, इंग्लंडचा, जर्मनीचा आणि रशियाचा हे तिघं राजे एकमेकांचे भाऊ. कुणी आतेमामे, कुणी मावस."

"मग भावकीच की गं ही!" नाना हसले. त्या सकाळचं तेवढंच हसू. "बांध कोरला कुनी, डोस्की फुटली कुनाची, आन् कोर्टात हुबं ऱ्हायलं तिसरंच."

"आता हेच पेपरात लिहिलं तर दहातले आठ देईन मी."

नाना हसायचे थांबले. "ह्या आताच्याला टीव्हीवर काय म्हनत्यात? तिसरं?"

"टीव्हीवाले काय, काहीही म्हणतात. पण पहिल्याला तरी त्या वेळी पहिलं कोण म्हणत होतं? तिकडं कुणाचा गॅस बंद, कुणाचं धान्य अडकलेलं, कुणावर निर्बंध, आणि एकानं शस्त्रं वाढवली की दुसऱ्यानं वाढवायची. तेच चाललंय. मला शिकवायचाही कंटाळा आलाय, खरं सांगते. वर्गात फळ्यावर लिहिते आणि घरी येऊन बातम्या लावल्या की तेच."

बाहेर कुणाचं तरी लहान पोर रडलं, त्याला कुणीतरी दटावलं. नाना खालच्या आवाजात म्हणाले, "वेशीतल्या दगडावर त्या लढाईला गेलेल्यांची सत्तावीस नावं हायती. त्यात आपलं एकबी न्हाई. ठाऊक हाय तुला?"

शिवांजलीला ठाऊक होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं दगडावरची सगळी नावं वहीत उतरवून घेतली होती आणि त्यानंतर या घरात तो विषय काढायची तिची छाती झाली नव्हती. दरवर्षी त्या दगडाला हार घालायचा मान मात्र सुभेदाराच्या घराचा.

"बाळासो पाटील, माझा आज्जा," नाना सांगत होते. "सरकारनं तालुक्याला आकडा दिला, तालुक्यानं गावाला. इतकी मानसं पायजेत. आज्ज्यानं ही पानाची चाल काढली. लोकांच्या पोरांनी पानं खाल्ली आन् गेली. त्या सत्तावीसातली नऊ परत आली न्हाईत. आन् आमाला वड्याकाठची आठ एकर इनाम मिळाली. त्येला बसऱ्याचा मळा काय उगंच म्हनत्यात? त्येचाच ऊस अजून कारखान्याला घालतोय आपन."

"म्हणून तुम्ही पलटणीत गेलात?"

"म्हून मी गेलो. म्हून तुझ्या बापाला धाडला. वाटलं, फिटंल." त्यांनी घडी केलेल्या विड्यात लवंग टोचली. "लय दमलो बग मी, शिवे. ह्या घरात जल्माला येऊन दमलो."

शिवांजलीनं ताटात नजर टाकली. आठ विडे झाले होते, आणि नाना नववं पान उचलत होते.

*

मानसिंग वाईट माणूस नव्हता, हे त्याच्या बायकोनं दहा जणांना सांगितलं असतं आणि ते खरंही होतं. वीस वर्षं सांगलीत त्यानं बेदाण्याचा व्यापार केला तो नाकासमोर चालून. तासगावच्या बागाईतदारांचा माल घ्यायचा, निवडायचा, परदेशी लावायचा. मग तिकडं लाल समुद्रात कुणीतरी जहाजांवर काहीतरी डागायला लागलं, आणि इकडं मानसिंगचे तीन कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून महिनाभर उशिरा पोचले. भाडं दुप्पट, विमा तिप्पट, माल काळा पडला म्हणून घेणाऱ्यानं हात वर केले. सांगलीच्या बाजारात मानसिंगनं तेव्हा म्हटलं होतं, "ज्यांच्या लढाईशी आपलं देणं ना घेणं, त्यांनी आपल्याला उठवलं." याच व्यवहारात ओळख झालेल्या दुबईच्या माणसानं मग त्याला नवीन धंदा सुचवला. बंदरावर पहारेकरी पाहिजेत. शिस्तीची, अंगानं धट्टीकट्टी, सैन्याची हौस असलेली पोरं. साताऱ्याकडं अशी पोरं रस्त्यानं पळताना दिसतात ना?

दिसतात. रोज पहाटे दिसतात. मानसिंगला त्यात काही वावगं वाटलं नाही. आठ दिवसांपूर्वी मात्र दुबईहून निरोप आला होता. तुमच्या तिन्ही मुलांना पुढच्या कामावर हलवलंय, संपर्क होणार नाही, काळजी नसावी. पुढच्या म्हणजे कुठल्या, हे मानसिंगनं विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणजे आपल्याला ठाऊक नाही, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. दिवसा ते पटायचं.

फोन खिशात टाकून तो घरात आला. मागोमाग जयराज. जयराज पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता शेती बघतो.

"नाना, अकराच्या आत पानं द्यायला पाहिजेत," मानसिंग म्हणाला. "संध्याकाळी मुंबई गाठायचीय."

"देश कंचा?" नानांनी विचारलं.

"करार दुबईच्या कंपनीशी आहे, नाना. काम ते लावतील तिथं."

"मी देश इचारला."

"काळ्या समुद्राकडं बंदर आहे एक."

"तिथं लढाई चाललीय, काका," शिवांजली म्हणाली. "नकाशा काढून दाखवू का?"

"तू गप गं!" हे मानसिंग नव्हे, जयराज बोलला, तिचा स्वतःचा बाप. "तुला पुस्तकातलं कळतंय. ही पोरं रोज माज्या डोळ्यांम्होरं पळत्यात. भरती निघाली तवा कुनाची उंची कमी, कुनाची छाती, आन् आता वय गेलं. पळून पळून गुडघं गेलं त्यांचं. गावात काय हाय? लग्नाला पोरगी कोन देत न्हाई. दादानं वाट काढली तर तुमी..."

"आबा, पण लढाईत?"

"पहाऱ्याला!" मानसिंगचा आवाज चढला. "आणि लढाई आपण लावली का? तेल त्यांचं, पैसा त्यांचा, भांडण त्यांचं. आपल्याकडं जगाला द्यायला काय आहे, शिवा? पोरं आहेत. शंभर वर्षं तेवढा एकच माल आपला खपतोय. आपली नाही गेली तर दुसऱ्या जिल्ह्यातली जातील. माझा बेदाणा समुद्रात सडला तेव्हा कुठला इतिहासाचा मास्तर आला होता धावून?"

शिवांजलीनं अडकित्ता खाली ठेवला. काका बोलला त्यातलं अर्धं तीच वर्गात शिकवत होती.

रेश्मा नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "सासऱ्यांपुढं बोलू नये, पण बोलते. ह्यांनी कुणाला फसवलं नाही. पोरं आपल्या पायानं आलीत. पटत नसेल तर नानांनी पान देऊ नये, पण चारचौघांत ह्यांना खोटं पाडू नये."

"खोटं कोन पाडतंय, पोरी?" नाना म्हणाले. त्यांनी जयराजकडं बघितलं. "जरिनाच्या फोनात अजहरचा फोटू हाय. तू बग जा. मी काय सांगत न्हाई, तू बगून सांग, वाचमन हाय का शिपाई."

जयराज बाहेर गेला. दोन मिनिटांत परत आला, पण भावाजवळ न थांबता मुलीशेजारी जाऊन उभा राहिला.

"दादा, त्येच्या मागं वाळूच्या पोत्यांची भित हाय," तो म्हणाला. "गोदामाला पोती लावत न्हाईत. बंकरला लावत्यात."

"बंदरावर वाळू नसेल का रे? तुम्ही दोघं फौजी, तुम्हाला सगळीकडं बंकर दिसतात."

मानसिंग हसला, पण बायकोकडं न बघता. रेश्मानं ते बघितलं.

नाना उठले. ताटात नऊ विडे होते. "चला," ते म्हणाले. "लोकं ताटकळल्यात."

*

अंगणात नाना आले तसे सगळे उभे राहिले. आठही पोरं रांगेत आली, न सांगता, उंचीप्रमाणं. नानांना त्यांची दया आली. ही पोरं शिपाई व्हायला जन्मली होती आणि त्यांना शिपाई करून घ्यायला कुणी नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

नाना खुर्चीवर बसले नाहीत. एका हातात ताट, दुसरा हात काठीवर. रात्रभर त्यांनी विचार केला होता असं नाही. विचार पान पुसता पुसता आला होता, आणि त्यांना तो बरा वाटला होता. मानसिंग खरं बोलतोय का खोटं, हे त्याच्या तोंडून कधीच कळणार नाही. पण बापाचं काळीज खोटं बोलत नाही. ते एकदा तपासून बघायचं. तो कचरला की आठही पोरांना परत पाठवायचं, एवढंच नानांच्या मनात होतं.

"ऐका," नाना म्हणाले. "शंभर वर्सांमागं माज्या आज्ज्यानं ह्या जाग्यावर सत्तावीस पानं दिली. घरातलं एकबी पोर न्हाई दिलं. दगडावर नावं हायती, वाचा जावा. ती चूक मी पुना करनार न्हाई. आज पयलं पान घरात. मानसिंग, तुज्या शंभूराजला बोलीव."

आया एकमेकींकडं बघू लागल्या. मानसिंगचा हात गाडीच्या किल्लीवर होता, तो तिथंच राहिला.

"नाना, शंभूचं कुठं... त्याला मी दुकानात..."

"का? पहाऱ्याचंच काम हाय न्हवं? दोन वर्सांत परत. लोकांच्या पोरास्नी चालतंय, आपल्याला का चालू ने?"

मानसिंगनं ओठ चाटले. नानांना जे बघायचं होतं ते दिसलं होतं. ते ताट खाली ठेवणार, इतक्यात गर्दीतून शंभूराज पुढं आला.

तेवीस वर्षांचा पोरगा. सांगलीत वाढलेला, पण सुट्टी लागली की आजोबांच्या पायाशी. एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी त्याच्याइतक्या कुणी ऐकल्या नव्हत्या. भरतीत दोनदा छातीत बाद झाला आणि मग वय गेलं, तेव्हा तीन दिवस जेवला नव्हता. बापाच्या दुकानात बसायचा, गिऱ्हाईकाशी बोलायचा, पण मन नव्हतं. हे नानांना ठाऊक होतं. पान पुसता पुसता नेमकं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी लेकाचं काळीज तपासायला काढलं होतं आणि नातवाच्या काळजाचा विचारच केला नव्हता.

"मी जातो, नाना," शंभूराज म्हणाला. "मी तर कधीचा म्हणत होतो. पप्पाच नको म्हणायचे. पासपोर्ट आहे माझा."

त्यानं खाली वाकून नानांच्या पायाला हात लावला, ताटातला विडा उचलला आणि तोंडात घातला. रेश्माच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. आठ पोरांतल्या एकानं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं. शंभूराज चावत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आनंद होता.

जयराजनं पुढं होऊन नानांच्या हातातलं ताट घेतलं.

"थुंक ते!" मानसिंग धावत आला. त्यानं लेकाची मानगूट धरली, गालात बोटं घातली. "थुंक म्हणतो ना! थुंक!"

"पप्पा, काय करताय? सगळे बघतायत!"

"बघू दे! तू नाही जायचं. नाही जायचं तू!"

"का पण? ह्या आठ जणांनी जायचं आणि मी नाही? तुम्हीच सांगितलंत ना, गोदामाचा पहारा आहे?"

"गोदाम नाही तिथं!" मानसिंग ओरडला. "खंदक आहेत. वरनं रोज पडतंय. त्या तिघांना पुढं नेलंय, लढाईच्या तोंडावर. आठ दिवस झाले, मला निरोप आलाय."

एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला मागाहून ऐकू आल्यासारखं झालं. शंभूराजनं विडा हातावर काढला होता आणि तो बापाकडं बघत होता. लाल ओघळ मनगटावर आला तरी त्याला भान नव्हतं.

आया भराभर उठल्या. कुणी लेकाचा हात धरून फाटकाकडं निघाली, कुणी मानसिंगच्या नावानं बोटं मोडायला लागली. एका आईनं मानसिंगच्या पिशवीतून पासपोर्ट काढून घेतला तसे बाकीच्यांनीही आपापले घेतले. पोरं गेली, बहुतेक मान खाली घालून. त्यांतल्या दोघांना तर अजूनही जायचंच होतं, ते त्यांच्या चालण्यावरनं कळत होतं. रेश्मा नवऱ्यापासून दोन पावलं बाजूला झाली आणि लेकाला जवळ ओढून उभी राहिली.

जरिना मात्र जाग्यावरनं हलली नव्हती. सतरंज्या मोकळ्या झाल्या तेव्हा ती पुढं आली. लियाकत तिच्या मागं होता, तिला धरावं की नाही या विचारात.

"दादा," ती मानसिंगला म्हणाली, "आठ दिस तुमाला ठाऊक हुतं?"

"निरोपात तसं स्पष्ट..."

"ठाऊक हुतं का?"

"मी विचारलं नाही त्यांना." मानसिंगनं तोंडावरून हात फिरवला. "विचारलं नाही, कारण ठाऊक होतं."

"परवा दिशी मी तुमाला फोन केला. तुमी म्हनला, रेंज नसंल."

मानसिंग मागं सरकत गाडीला टेकला.

"जित्ता हाय का माजा अजहर?"

"खरंच ठाऊक नाही, जरिना. अल्लाशप्पथ ठाऊक नाही." दुसऱ्याच्या देवाची शपथ घेतली आणि तो गाडीच्या चाकाशी मटकन खाली बसला.

शिवांजली तोवर फोनवर होती. दूतावास, हेल्पलाइन, कुणी ओळखीचा पत्रकार, जे सुचेल ते. रविवार असल्यानं कुठंच कुणी उचलत नव्हतं. जयराज भावापाशी जाऊन उभा राहिला. शेवटी पाठचा भाऊ.

नाना अजून अंगणाच्या मधोमध काठीवर उभे होते. आठ घरांतली पोरं वाचली, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर तेही खरंच होतं. जरिना त्यांच्यासमोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चालच तशी होती, विडा खाल्ल्यावर आईनं रडायचं नाही, आणि चाळीस दिवस तिनं ती पाळली होती.

"नाना," ती म्हणाली, "मानसिंगदादाचं मी ऐकलं नसतं. त्यो यापारी मानूस. मी पोराला न्हाईच म्हनत हुते. पर पान तुमी दिलं."

लियाकत मागून म्हणाला, "जरिना, बास. चल."

"थांब, लियाकत," नाना म्हणाले. काठी टाकून त्यांनी दोन्ही हात जोडले, पण तिच्याकडं बघायचं त्यांना होईना. "व्हय, पोरी. मीच दिलं."